महालातल्या गेम पार्लरचं पोतं: एका संग्रहाचं प्रकरण

हे प्रकरण एका पोत्याचं आहे. नागपूरच्या महाल भागातल्या एका वाड्यात नव्वदच्या दशकात तासावर पैसे घेऊन चालणारं व्हिडिओ गेम पार्लर होतं. वाडा बिल्डरकडे गेला, सामान काढायची वेळ आली आणि माळ्यावरून साखरेचं एक जुनं पोतं निघालं. आत जुने रिमोट होते. पार्लरमध्ये कंट्रोलरला सगळे रिमोटच म्हणायचे, त्यामुळे पुढे मीही दोन्ही शब्द वापरतो. पोतं घेतलं माझ्या मित्राने. तो बँकेत आहे, मनीषनगरात राहतो आणि चमत्कारिक कंट्रोलर जमवणं हा त्याचा फार जुना नाद आहे. मला सोल्डरिंग येतं म्हणून मी त्यात ओढला गेलो. नावं कुणाचीच देत नाही. वस्तूंबद्दल मात्र हातचं काही राखत नाही, कारण असं पोतं आज नागपुरात दुसऱ्या कुणाच्या माळ्यावर नक्की पडलेलं असणार.

आधी कपाटात काय होतं

मित्र पोत्याकडे ज्या नजरेने बघत होता ती नजर त्याच्या काचेच्या कपाटापुढे तयार झाली होती, म्हणून कपाटापासून सुरुवात करतो. मानाची जागा पॉवर ग्लोव्हला. १९८९ साली मॅटेलने अमेरिकेत विकलेला, निन्टेन्डोच्या गेम यंत्रासाठीचा हातमोजा. बोट वाकवलं की आतल्या वाहक शाईच्या पट्टीचा रोध बदलतो. हात कुठे आहे हे कळण्यासाठी मोज्यावर दोन अल्ट्रासॉनिक ट्रान्समीटर आहेत आणि ते ऐकणारे तीन रिसीव्हर टीव्हीच्या कडेला लावायच्या काटकोनी पट्टीवर असतात. मित्राकडे मोजा आहे, पट्टी नाही. अशी अर्धी जोडी घेणारे बरेच असतात, कारण फोटोत मोजाच उठून दिसतो. पट्टी असती तरी फार काही खेळता आलं असतं असं नाही, खास या मोज्यासाठी म्हणून दोनच गेम निघाले.

शेजारी नामकोचा नेजकॉन, १९९५ चा, प्लेस्टेशनसाठी. मधोमध सांधा आहे, ओला कपडा पिळावा तसा दोन्ही हातांनी पिळायचा की गाडी वळते. विचित्र कंट्रोलरांमधला माझ्या मते हा सर्वांत शहाणा. त्या वेळच्या प्लेस्टेशनच्या साध्या पॅडवर वळण म्हणजे पूर्ण डावं नाहीतर पूर्ण उजवं, मधलं काही नाही. नेजकॉनवर किंचित वळता यायचं. विचित्रपणा गरजेतून आलेला. उलट रेसिडेंट ईव्हिल ४ साठी निन्टेन्डोच्या गेमक्यूब यंत्रावर आलेला, रक्ताचे डाग रंगवलेला पिवळा चेनसॉ बघा. शोकेसमध्ये झकास, पण तो हातात धरून तासभर खेळून दाखवा म्हणावं.

तिसरा सेगाच्या ड्रीमकास्ट यंत्राचा मासेमारीचा गळ. रीळ फिरवायचं, हिसका द्यायचा, आतला मोशन सेन्सर ते ओळखतो. हाच गळ सोलकॅलिबर या मारामारीच्या गेममध्ये तलवारीसारखा चालतो, आणि मित्राकडे पाहुणे आले की हा कार्यक्रम ठरलेला.

हे सगळं परदेशातून आलेलं. काही नातेवाइकांच्या बॅगेतून, काही कुरिअरने. कुरिअरचं म्हणजे वस्तूची किंमत, वर वाहतूक, त्या बेरजेवर कस्टम ड्युटी आणि त्यावर जीएसटी. पण या वस्तूंचं एक सुख आहे. कुणी बनवली, कधी, आत काय आहे, खोका कसा होता, सगळं नोंदलेलं आहे. एक नेजकॉन जळला तर वाईट वाटेल, पण जगाच्या माहितीत काडीचा फरक पडणार नाही. पोत्याच्या बाबतीत हे लागू नव्हतं, आणि सगळा वाद तिथेच झाला.

पोतं

पार्लर चालवणारे काका आता सत्तरीपुढचे. "घेऊन जा ना भाऊ, मले काय करायचं आहे त्याचं," असं ते पहिल्याच भेटीत म्हणाले. त्यांचा मुलगा काही म्हणाला नाही, मोबाइल बघत होता. त्याचं पुढे येईल.

वर होते फॅमिकॉमच्या नकलांचे रिमोट. फॅमिकॉम म्हणजे टीव्हीला जोडायचं गेम यंत्र, निन्टेन्डोने ते जपानात जुलै १९८३ मध्ये आणलं. त्याचे दोन्ही कंट्रोलर यंत्राला कायमचे जोडलेले, दुसऱ्यात मायक्रोफोनसुद्धा. आपल्याकडे ते अस्सल स्वरूपात क्वचितच दिसलं. आपण खेळलो ते त्याच्या नकलांवर: मीडिया, लिटल मास्टर, टर्मिनेटर. ज्यांची शाळा नव्वदच्या दशकात झाली त्यांना यातलं एक तरी नाव आठवेल, आणि ९९९९९९ गेम असल्याचं सांगणारी ती पिवळी कॅसेटही. नकलांमध्ये रिमोट वेगळा निघायचा, नऊ पिनांचा प्लग असायचा आणि अस्सल पॅडवर नसलेली दोन टर्बो बटणं जास्तीची असायची.

मग दोन लाइट गन, म्हणजे टीव्हीवर रोखून गेममधली लक्ष्यं टिपायच्या बंदुका. अटारी या जुन्या गेम यंत्राच्या घाटाची एक काळी जॉयस्टिक. सेगाच्या सहा बटणांच्या पॅडसारखा दिसणारा एक रिमोट, ज्याच्या आत सेगाचं काहीच नव्हतं. टेलिफोनच्या गुंडाळीच्या वायरने लांब केलेला एक पॅड. आणि तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, प्लायवूडच्या दोन पेट्या. वर हिरवा सनमायका, एका बाजूला लोखंडी दांडा, दुसऱ्या बाजूला दाराच्या बेलची बटणं.

मित्राने पेट्या उचलून बाजूला ठेवल्या आणि लाइट गन हातात घेतली. मी पेट्या पुन्हा पुढे ओढल्या.

भाव

मुलगा तोवर नेटवर लाइट गन शोधत होता. परदेशी साइटवर, सील न फोडलेल्या खोक्यातली निन्टेन्डोची झॅपर कुणीतरी भरमसाट किमतीला लावली होती. "हे पाहा भाऊ, एका गनचे एवढे. इथं तर दोन आहेत." त्याचा हिशेब त्याच्या जागी बरोबरच होता. पण लावलेली किंमत म्हणजे विकली गेलेली किंमत नव्हे. कुणीही काहीही लावू शकतो, वस्तू वर्षभर तशीच पडून असते. बघायचं ते विकून झालेल्यांच्या यादीत. शिवाय ती झॅपर अस्सल, खोक्यासकट, आणि पोत्यातली नक्कल, एकीचा घोडा तुटलेला. दुसऱ्या टोकाला गल्लीत आलेला कबाडी सगळं प्लास्टिक किलोवर घ्यायला तयार होता. या दोन टोकांच्या मध्ये खरा भाव कुठे तरी असतो आणि तो कुठल्याही यादीत मिळत नाही, कारण असलं पोतं कुणी यादीत लावतच नाही.

शेवटी जमलं ते असं. मित्राने मुलाला विकल्या गेलेल्या नकली गनांची यादी समोर उघडून दाखवली, त्या हिशेबाने पोत्याची एकगठ्ठा रक्कम सांगितली आणि थोडी वर दिली. वरच्या पैशांची एक अट होती: काकांनी बसून प्रत्येक वस्तूबद्दल आठवेल ते सांगायचं आणि आम्ही ते फोनवर रेकॉर्ड करायचं. मुलाला ही अट विनोदी वाटली. काकांना नाही. रक्कम लिहीत नाही, नाहीतर पुढचा विकणारा तीच मागेल.

माझ्या दृष्टीने अख्ख्या खरेदीतला सर्वांत मोलाचा माल ते रेकॉर्डिंग होतं.

यंत्राला लावण्याआधी

असे रिमोट मिळाले की पहिली ऊर्मी येते ती यंत्राला लावून बघण्याची. ती आवरायची. नऊ पिनांचा प्लग अटारीचा, सेगाचा आणि या नकलांचा दिसायला एकच आहे आणि एकमेकांच्या खोबणीत आरामात बसतो. पिनांची मांडणी मात्र वेगवेगळी. पाच व्होल्ट भलत्याच पिनेवर गेले तर रिमोट जाईल, किंवा यंत्र जाईल.

म्हणून आधी मल्टिमीटर. अटारीच्या जॉयस्टिकमध्ये चिप नाही. चार दिशा आणि एक बटण, पाच स्विच, प्रत्येक आपापल्या वायरला ग्राउंडशी जोडतो. दांडा हलवला की मीटर वाजतो, पाच मिनिटांत निकाल. फॅमिकॉमच्या जातीत तसं होत नाही. आठ बटणांसाठी आठ वायरी टाकण्याऐवजी आत एक शिफ्ट रजिस्टर असतं. अस्सल पॅडमध्ये ४०२१ नावाची सोळा पायांची चिप, नकलांमध्ये बहुतेक वेळा बोर्डावर टाकलेला काळा थेंब, ज्याच्या आत तेच काम करणारी चिप दडलेली. यंत्र लॅचचा इशारा देतं, त्या क्षणी आठही बटणांची स्थिती टिपली जाते. मग क्लॉकच्या ठोक्यागणिक एकेक उत्तर एकाच वायरीवरून बाहेर येतं. क्रम ठरलेला: ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावं, उजवं. पाच वायरींत सगळं भागतं.

मित्राचा भाचा इंजिनिअरिंगला आहे. त्याने अर्डुइनोवर, म्हणजे प्रोग्रॅम करता येणाऱ्या एका छोट्या बोर्डावर, छोटा प्रोग्रॅम लिहिला, बोर्डावरून माग काढून पिना ठरवल्या आणि एकेक रिमोट यंत्राशिवायच तपासला. स्क्रीनवर आठ आकडे, बटण दाबलं की त्या जागचा एक बदलून शून्य. टर्बो दाबलं की तोच आकडा फडफडतो, कारण टर्बो म्हणजे दुसरं काही नाही, आतलं सर्किट तेच बटण भराभर दाबल्याचं सोंग करतं.

इथे एक गंमत दिसली. आठपैकी कुठला आकडा मेलेला आहे याची आम्ही वही केली, आणि रिमोटांमागून रिमोट उजवं आणि ए हेच अडखळत होते. डावं बहुतेक ठिकाणी ठणठणीत. सिलेक्ट तर नव्यासारखं. खोलून बघितल्यावर कारण डोळ्यांनीच दिसलं. बटणाखालच्या रबराला कार्बनची काळी टिकली असते, ती बोर्डावरच्या दोन रेघा जोडते. उजव्या बाणाखालची टिकली झिजून राखाडी, चकचकीत झालेली. डाव्याखालची काळीभोर. १९८५ च्या सुपर मारिओमध्ये पडदा एकदा पुढे सरकला की मागे येतच नाही. कॉन्ट्राचा पहिला टप्पाही उजवीकडेच पळतो. म्हणजे महालातल्या पोरांनी कोणते गेम खेळले हे रबरावर लिहिलेलं होतं. मित्राच्या हातात तोवर नव्या रबराचा पुडा होता, सगळ्यांत घालायला मागवलेला. तो त्याने खाली ठेवला, आणि माझ्या मते या प्रकरणाचं वळण तिथे आहे.

दांडा कुठल्या हातात

आता पेट्या. काकांच्या सांगण्याप्रमाणे रिमोट महिन्याभरातच जायचे. वायर मानेपाशी तुटायची, रबर बसायचं, आणि नवे मुंबईहून लॅमिंग्टन रोडवरून येईपर्यंत एक टीव्ही बंद. मग त्यांच्या ओळखीच्या रेडिओ मेकॅनिकने या पेट्या करून दिल्या. "पोट्टे आपटत होते हो नुसते. हे आपटलं तरी काही होत नव्हतं."

पहिली पेटी खोलली. चार स्क्रू, त्यातला एक भलत्याच मापाचा. आत एका मेलेल्या रिमोटचा बोर्ड दोन खिळ्यांवर बसवलेला. त्याच्या बटणांच्या जागी ब्लेडने कार्बन खरवडून खालचं तांबं उघडं केलेलं आणि तिथे वायरी डागलेल्या. हे मी मुद्दाम सांगतो, कारण कार्बनवर सोल्डर धरत नाही, आणि हे त्या मेकॅनिकला कुठलंही पुस्तक न वाचता कळलेलं होतं. वायरी टेलिफोनच्या, रंग मिळेल तसे. बेलच्या बटणांत पितळी पट्टी असते, तिचा प्रवास लांब, त्यामुळे भराभर दाबायला जड. दांड्याखाली चार मायक्रोस्विच, बहुधा कुठल्यातरी नाण्याच्या गेम मशीनमधून काढलेले. सोल्डर जाड आहे, देखणं नाही, पण एकही सांधा सुटलेला नाही.

आणि एक गोष्ट उलटी होती. या पेटीत दांडा उजवीकडे आणि बटणं डावीकडे. दुसऱ्या पेटीत दांडा डावीकडे, बटणं उजवीकडे, जशी आज कुणीही अपेक्षा करेल तशी.

मित्राचं म्हणणं सरळ होतं: पहिली पेटी चुकीची बनली. बटणांचा आणि दांड्याचा भाग उलटसुलट करू, वायरी तेवढ्याच लांबीच्या आहेत, तासाचं काम, म्हणजे दोघांना खेळता येईल. "बे, पण ती चूक आहे कशावरून?" मी विचारलं. पोत्यातली अटारीच्या घाटाची जॉयस्टिक त्याच्या समोर ठेवली. अटारी २६०० च्या त्या प्रसिद्ध जॉयस्टिकवर, म्हणजे सीएक्स४० वर, एकच लाल बटण आहे आणि ते चौकोनी बुडाच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात. डाव्या हातात बूड धरायचं, डाव्या अंगठ्याने गोळी, उजव्या हाताने दांडा. त्या पिढीचा हात असाच बसलेला होता. दिशा डाव्या अंगठ्याकडे गेली ती निन्टेन्डोच्या गुनपेई योकोई यांनी १९८२ च्या डाँकी काँग गेम अँड वॉचवर अधिक चिन्हाच्या आकाराचं बटण डावीकडे बसवलं तेव्हापासून, आणि फॅमिकॉमने ती सवय घरोघरी नेली. महालातल्या मेकॅनिकपुढे नमुना म्हणून पॅड नाही, तर अटारीच्या घाटाची हीच जॉयस्टिक असेल, तर त्याने दांडा उजवीकडे ठेवणं अगदी साहजिक आहे. पॅडवर वाढलेल्या पोरांनी ओरड केली असेल आणि दुसरी पेटी त्यांच्या हाताप्रमाणे झाली असेल.

हा माझा तर्क. काकांना विचारलं तर त्यांनी वेगळंच सांगितलं. एका बाकावर दोन पोरं खेटून बसायची, दोघांचे दांडे एकाच बाजूला असले की कोपर लागून भांडणं व्हायची, म्हणून एक पेटी मुद्दाम उलटी करून घेतली. मग डावीकडच्या पोराला कुठली पेटी मिळायची? हे त्यांना आठवेना. पेट्यांच्या वायरींची लांबी मोजली तर उलट्या पेटीची वायर बरीच आखूड निघाली, पण ती नंतर तुटून छोटी झालेली असू शकते, प्लगजवळ चिकटपट्टीचा जोड आहे.

दोन्ही गोष्टी नोंदवून ठेवल्या. कुठली खरी हे ठरवण्यासाठी जे काही पुरावे आहेत ते त्या पेटीच्या आतच आहेत: कुठला सांधा आधीचा, कुठला नंतरचा, कुठल्या भोकाच्या कडा नव्या. तासाभरात उलटसुलट केलं असतं तर तेच गेले असते. मित्र दोन दिवस कुरकुरला, मग म्हणाला, ठीक आहे, जशी आहे तशी राहू दे.

खेळण्याची सोय वेगळ्या मार्गाने केली. दुसऱ्या, सरळ पेटीत एक बेलचं बटण मेलं होतं. त्याच्या पितळी पट्टीवरचा हिरवा थर काढला, एवढंच. तुटका प्लग कापला नाही. बोर्डाच्या बाजूला स्क्रूचा छोटा कनेक्टर लावून नवी वायर बाहेर काढली आणि जुनी गुंडाळून आतच ठेवली. उद्या कुणाला नकोसं झालं तर एका स्क्रूड्रायव्हरने सगळं पूर्ववत होईल. सनमायकावर ब्लेडने कोरलेली पोरांची नावं आहेत. तीही राहिली.

काय धुतलं

बाकी मालाला हा नियम नाही लावला, लावायचं कारणही नव्हतं. कारखान्यात हजारोंनी बनलेले नकली रिमोट खुशाल साबणाच्या पाण्यात गेले. झिजलेल्या टिकल्यांचे फोटो काढून, जुनं रबर पाकिटात ठेवून, काहींमध्ये नवं घातलं.

पिवळेपणाचा उपाय सगळ्यांना माहीत असतो. एबीएस प्लास्टिकमध्ये आग रोखण्यासाठी घातलेल्या ब्रोमिनच्या संयुगांमुळे आणि उन्हाने ते पिवळं पडतं असं मानतात, आणि हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवलं की रंग परत येतो. सलूनच्या सामानाच्या दुकानात मिळणारं क्रीम वापरतात. पण हे लिहिणारे बहुतेक थंड देशांतले. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पंचेचाळीस-शेहेचाळीस अंशांवर, गच्चीवर ठेवलेलं क्रीम बघता बघता सुकतं, आणि सुकलं की तिथे पांढरे ढग उमटतात, ते मग जात नाहीत. नागपुरात करायचंच असेल तर पातळ द्रावणात वस्तू पूर्ण बुडवा, झाकण घट्ट न लावता ठेवा आणि सावलीतच ठेवा. इथली सावलीतली उष्णता पुरते. हातमोजे आणि चष्मा घालून. खरं सांगायचं तर मला हा प्रकारच आवडत नाही. परत पिवळं पडतंच, आणि प्रत्येक वेळी प्लास्टिक थोडं अधिक ठिसूळ होतं.

लाइट गनचं थोडक्यात. एकीच्या घोड्याची स्प्रिंग बदलली, भिंगावरची बुरशी पुसली. मित्राच्या मोठ्या एलईडी टीव्हीवर ती चालली नाही आणि चालणारही नव्हती. घोडा ओढला की गेम क्षणभर पडदा काळा करतो, मग लक्ष्याच्या जागी पांढरा चौकोन काढतो, आणि गन बघते की काळ्यानंतर पांढरं बरोबर त्याच वेळी दिसलं का. पिक्चर ट्यूबवर शलाका रेघ रेघ ओढते, तिची वेळ गेमला ठाऊक असते. एलईडी टीव्ही चित्र आधी स्वतः प्रक्रिया करून मग दाखवतो, तोवर वेळ टळलेली असते. अस्सल झॅपरमध्ये तर ट्यूबच्या रेघांच्या सुमारे पंधरा किलोहर्ट्झ लयीलाच प्रतिसाद देणारं सर्किट आहे, म्हणजे बल्बकडे रोखून फसवता येऊ नये. तेव्हा गन जमवायची तर ट्यूबवाला टीव्हीही सांभाळावा लागतो. मित्राने कबाड्याकडून एकवीस इंची घेतला. त्याचं मागचं झाकण मात्र टीव्ही मेकॅनिकनेच उघडायचं असं ठरलंय, बंद करून ठेवलेल्या ट्यूबमध्येही जीव घेण्याइतका विजेचा दाब शिल्लक असू शकतो.

ठेवायचं कुठे

नागपुरात संग्रह खराब होतो तो कूलरमुळे. बाहेर मे महिन्यात हवा कोरडी ठणठणीत असते, लोखंडाला काही होत नाही. पण बेडरूममध्ये वाळ्याचा कूलर दिवसभर ओली हवा ओततो. मित्राचं काचेचं कपाट नेमकं कूलरच्या समोर होतं. गळाच्या रिळाचा दांडा, दोन पॅडांच्या आतले स्क्रू, सगळीकडे गंजाची सुरुवात. वरच्या मजल्यावरची स्लॅबखालची खोली कोरडी आहे, पण तिथे दुपारी हात लावला तरी भाजतं, आणि त्या उष्णतेत वायरीचं पीव्हीसी मऊ होऊन त्यातलं तेलकट द्रव्य बाहेर येतं. पॅडभोवती वायर गुंडाळून ठेवली असेल तर ते प्लास्टिकला चाटून कायमचे वळ उठवतं. पोत्यातल्या निम्म्या रिमोटांवर ते वळ आहेत. रबर बँडचं तर विचारूच नका.

आता कपाट स्वयंपाकघरामागच्या छोट्या खोलीत हललं आहे. तिथे कूलर नाही आणि दुपारचं ऊनही येत नाही. वायरी सैल गुंडाळून, कागदात, पॅडपासून वेगळ्या. पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यांत सिलिका जेल. वहिनींची एकच अट होती: पोतं घरात येणार नाही. ते धुऊन, वाळवून स्टोअररूममध्ये ठेवलंय, कारण त्यावर साखर कारखान्याचा शिक्का आहे आणि मित्राला आता कशालाच हात लावायची भीती वाटते.

वही

हे सगळं झाल्यावर काकांचा फोन आला. वाडा पाडण्याआधी देवघराच्या कोनाड्यात पार्लरची वही सापडली होती. कोण कधी आला, किती वेळ खेळला, कुठल्या टीव्हीवर. आम्हाला हवं होतं ते सगळं तिच्यात असण्याची शक्यता. "कोपराचं भांडण" कधी सुरू झालं, उलटी पेटी कधी आली, मेकॅनिकला पैसे कधी दिले.

मित्र वाटेल ती रक्कम द्यायला तयार होता. काकांनी वही द्यायला साफ नकार दिला. तिच्यात उधारी आहे. "अजून चौघांचे पैसे यायचे आहेत," ते म्हणाले, आणि चेहऱ्यावरून थट्टा करताहेत असं काही वाटत नव्हतं. फोटो काढायला परवानगी आहे, पण उधारीची पानं सोडून, आणि वही त्यांच्या समोरच उलटायची. पहिली वीसेक पानं झाली आहेत. मेकॅनिकला दिलेल्या पैशांची एक नोंद सापडली: "पेटी १". दुसरी अजून आलेली नाही.